लिंबांचे चौदा फ्रँक

गुस्ताव्ह फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' ही फ्रेंच कादंबरी वाचून झाल्यावर एखादी बाई नायिकेबद्दल "एमा मला आपली वाटली" असं म्हणाली, की सोलापुरात काय किंवा पुण्यात काय, वाचकांच्या बैठकीतली पुढची पंधरा मिनिटं ठरल्यासारखी जातात. कोणीतरी विचारतो, "म्हणजे तिनं केलं ते बरोबर?" दुसरा म्हणतो, पात्रात स्वतःला शोधणं हे शाळकरी वाचन. तिसरी तिच्या बाजूनं बोलायला उठते आणि सांगते की एमाचा मुळी दोषच नव्हता, सगळा दोष व्यवस्थेचा. मग कोणाला तरी लिंबं आठवतात. नखं स्वच्छ करायला एमानं एका महिन्यात १४ फ्रँकची लिंबं आणली, हा तपशील ही कादंबरी वाचलेला माणूस विसरत नाही. लिंबं निघाली की निकाल लागतो: उधळी बाई. आणि जिनं विषय काढला होता ती एव्हाना गप्प झालेली असते.

या वादात मला खटकतं ते हे, की तिन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता धरून चालतात. नायिका आपली वाटली म्हणजे तिला निर्दोष सोडलं, ही ती गोष्ट. म्हणून एक पक्ष तिला आपली म्हणायला तयार नाही, आणि दुसरा आधी तिचा दोष पुसतो, मगच तिला जवळ घेतो. नातं जोडायची अट दोन्हीकडे एकच, चारित्र्याचा दाखला. माझी भूमिका याच्या उलट आहे. दोषी ठरलेल्या नायिकेच्या जागी बसून वाचणं ही वाचनाची कच्ची रीत नाही. ती सगळ्यांत कष्टाची रीत आहे, आणि 'मादाम बोव्हारी'चा निम्मा मजकूर त्याशिवाय कळतच नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधल्या यमूसाठी डोळे भरून येतात तेव्हा वाचकाला स्वतःचं काही पणाला लावावं लागत नाही, कारण यमूनं कोणाचं काही बिघडवलेलं नाही. एमानं बिघडवलं आहे. तिनं नवऱ्याला फसवलं, मुलीला दूर लोटलं, घर बुडवलं. तरीही तिच्या जागी बसायचं तर आपल्या आत काय काय आहे ते उघडून बघावं लागतं. आणि सोलापूरच्या वाचकाकडे, विशेषतः इथल्या बाईकडे, या कामाला लागणारी एक विद्या आहे. ती हप्त्यांच्या हिशेबाची.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आधी घेतो. व्लादिमिर नाबोकोव्हसारखा लेखक आणि शिक्षक कॉर्नेल विद्यापीठात हीच कादंबरी शिकवायचा आणि विद्यार्थ्यांना बजावायचा की पात्राशी स्वतःला जोडून घेणं ही वाचकाच्या हातून होणारी सगळ्यांत वाईट चूक. त्याचं पुढचं म्हणणं आणखी बोचरं आहे: एमा स्वतःच वाईट वाचक आहे. ती पुस्तकं भावनेच्या भरात वाचते, कधी या, कधी त्या नायिकेच्या जागी स्वतःला कल्पून. कादंबरीत याला भरपूर आधार आहे. रुआँ शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणकामाला येणारी एक म्हातारी मुलींना चोरून कादंबऱ्या आणून द्यायची, त्या वाचून एमाचं मन घडलं. मग एमा वाचून "मी एमा" म्हणणारी बाई एमाचीच चूक पुन्हा करत नाही का? या प्रश्नाला "वाचन हे भावनेचंच काम" असं उत्तर देऊन भागणार नाही. तो प्रश्न खरा आहे.

पण एमा ज्या कादंबऱ्या वाचायची त्यांत काय होतं तेही फ्लोबेरनं सांगून ठेवलं आहे. प्रियकर, प्रेयसी, एकाकी मंडपात मूर्च्छित पडणाऱ्या स्त्रिया, चांदण्यातल्या होड्या, अश्रू आणि चुंबनं. त्यांत एकही दुकानदार नाही, एकही मुदत नाही, कोणाला कशाची पावती द्यावी लागत नाही. एमानं नायिकेची ओढ उचलली, त्या ओढीची किंमत त्या पुस्तकांनी तिला दाखवलीच नव्हती. 'मादाम बोव्हारी'त मात्र प्रत्येक ओढीखाली रक्कम लिहिलेली आहे. हिच्याशी एकरूप होणारा वाचक त्या रकमांशीही एकरूप होतो, त्याला सुटका नाही. दोन्ही वाचनांना 'स्वतःला शोधणं' हेच नाव देता येईल, पण एकात आरसा आहे आणि दुसऱ्यात वही.

दुसरं असं, की 'तिच्यात मी' आणि 'तिच्याकडे बघणारा मी' यांतलं एकच काही निवडावं लागतं हे आपल्या परंपरेनं कधी मानलेलंच नाही. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्तानं सात रसविघ्नं, म्हणजे रसास्वादातले अडथळे, सांगितली, त्यांत स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं हे एक विघ्न आहे. म्हणजे नाबोकोव्हची भीती आपल्याकडे हजार वर्षं जुनी आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून कोणी लांब उभं राहायला सांगितलं नाही. 'साहित्यदर्पण' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात विश्वनाथ म्हणतो, "परस्य न परस्येति ममेति न ममेति च". हे दुसऱ्याचं आहे, दुसऱ्याचं नाही. माझं आहे, माझं नाही. आस्वाद घेताना या सीमा उरत नाहीत. मराठीत न. चिं. केळकरांनी यालाच 'सविकल्प समाधी' म्हटलं: दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं, पण स्वतःची भूमिका हातची जाऊ द्यायची नाही. आता याच्या शेजारी एक पत्र ठेवा. ही कादंबरी १८५६च्या अखेरीस 'रव्ह्यू द पारी' या नियतकालिकात क्रमशः छापून आली तेव्हा आँजे गावच्या मारी-सोफी लरवाये द शांतपी या बाईंनी अनोळखी फ्लोबेरला लिहिलं की एमाच्या आयुष्याशी मी इतकी एकरूप झाले की ती मीच आहे असं वाटत होतं आणि मी नाही असंही वाटत होतं. तिकडे आँजेमध्ये बसून या बाईंनी विश्वनाथाचाच श्लोक आपल्या शब्दांत लिहिला होता. फ्लोबेरनं त्यांना शाळकरी म्हणून झटकलं नाही. त्यानं मोकळेपणानं उत्तर लिहिलं, आणि त्या दोघांचा पत्रव्यवहार पुढे कितीतरी वर्षं चालला. (फ्लोबेरच्या नावावर खपणारं "मादाम बोव्हारी म्हणजे मीच" हे वाक्य या वादात दोन्ही बाजू वापरतात. ते त्याच्या लेखनात किंवा पत्रांत कुठेही नाही, ऐकीव आहे. त्यानं खरोखर लिहिलेलं वाक्य जास्त मोलाचं आहे. १८५३च्या ऑगस्टमध्ये कवयित्री लुईझ कोलेला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, माझी बिचारी बोव्हारी या क्षणी फ्रान्सच्या वीस खेड्यांत एकाच वेळी सोसते आणि रडते आहे.)

आता वही. ही कादंबरी वाचताना एक साधं काम करावं. जिथे जिथे लरो येतो, म्हणजे योंव्हिलचा तो कापडाचा आणि फॅन्सी मालाचा व्यापारी, तिथे एका कागदावर पाच रकाने भरावेत: माल काय, कागदावरची रक्कम किती, प्रत्यक्ष हातात पैसे किती, मुदत कधीची, सही कोणाची. सगळ्या नोंदी दोन-तीन पानांत मावतात, आणि त्या भरल्यावर एमाचा खटला पार बदलतो.

पहिल्या भेटीत लरो काहीही विकत नाही. ओढण्या, कॉलर मांडून ठेवतो, एमा नको म्हणते, आणि तो जाता जाता सहज सांगून जातो की पैशांची अडचण असेल तर तेही माझ्याकडून मिळतील. म्हणजे माल हे निमित्त, धंदा उसनवारीचा, हे पहिल्या प्रवेशातच उघड आहे. पुढे प्रियकर रोदोल्फसाठी घेतलेल्या चाबकाच्या वगैरे खरेदीचं २७० फ्रँकचं बिल येतं, तेव्हा एमा एका रोग्याकडून तिच्या डॉक्टर नवऱ्याला, शार्लला, आलेली फी परस्पर वळवून ते भागवते. इथे तिची चूक नोंदवावी, ती तिचीच आहे. पण त्यानंतरची महत्त्वाची सही कोणाची आहे? रोदोल्फ सोडून गेल्यावर एमा अंथरुणाला खिळते, शार्ल त्रेचाळीस दिवस तिच्या उशाशी बसून राहतो, व्यवसाय बंद पडतो, आणि नेमका तेव्हा लरो, एमानं रोदोल्फबरोबर पळून जाण्यासाठी मागवलेला झगा आणि ट्रंक घरी आणून टाकतो. माल परत घेत नाही. शार्ल सहा महिन्यांच्या मुदतीची हुंडी लिहून देतो आणि वर लरोकडूनच १,००० फ्रँक उसने घेतो. त्याचा कागद होतो १,०७०चा, आधीचे १८० धरून १,२५०. शेकडा सहा व्याज, वर दलाली, मालावर किमान एक तृतीयांश नफा, असं करून वर्षात १३० फ्रँक सुटतील हा हिशेब फ्लोबेर लरोच्या मनातून आपल्याला वाचून दाखवतो. आणि लरोची खरी आशा काय, तर पैसे फिटू नयेत. हुंडी पालटत राहावी, म्हणजे जुनीच्या जागी नवी लिहून घेत जावी, आणि डॉक्टरच्या घरी आपला पैसा धष्टपुष्ट होऊन परत यावा. हा सापळा लागला तेव्हा एमा तापात बेशुद्ध होती. सही नवऱ्यानं केली, आणि ती बायकोवरच्या मायेपोटी केली.

सासरा वारल्यावर लरो मुखत्यारपत्राची कल्पना घालतो. याचं कारण फ्रान्सच्या तेव्हाच्या कायद्यात आहे. १८०४च्या नागरी संहितेप्रमाणे विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नव्हता. तिची सही बिनकिमतीची होती. ती किमतीला आणायची तर शार्लचं पत्र हवं. ते मिळालं आणि खरी उतरण सुरू झाली. पडदे, गालिचा, खुर्च्यांचं कापड, कपडे मिळून एमाची खरी थकबाकी होते सुमारे २,००० फ्रँक. लरो सासऱ्याची बार्नव्हिलची जागा विकायला लावतो, अर्धी किंमत तिच्यासमोर टेबलावर ठेवतो, आणि ती पैसे उचलून देणं भागवू लागते तेव्हा सांगतो: ठेवा तुमच्याकडे, त्याऐवजी हजार-हजाराच्या चार हुंड्यांवर सही करा, रुआँचा माझा मित्र विंसार त्या वटवील आणि खऱ्या देण्याच्या वरचे पैसे तुम्हांला मिळतील. वरचे म्हणजे २,०००. प्रत्यक्षात तो १,८०० आणतो. २०० विंसारनं दलाली आणि वटणावळ म्हणून कापलेले. आणि सहज मागितल्यासारखी पावती लिहून घेतो. एमा इथे हिशेबात गोंधळली असं फ्लोबेर लिहितो. यानंतर तीन हुंड्या फिटतात, चौथी गुरुवारी, ती रुआँला गेलेली असताना, शार्लच्या हातात पडते, आणि तीही नव्या हुंड्या लिहूनच मिटते. प्रत्येक पालटीला मुद्दल फुगतं. शेवटी कोर्टाचा कागद येतो: चोवीस तासांत ८,००० फ्रँक. ती लरोकडे धावते तेव्हा तो सांगतो, मी नाही, विंसार मागतोय. कागद तिसऱ्याच्या हाती गेला की ज्याच्यापुढे रडायचं तो माणूसच समोर उरत नाही. गावचा नोटरी गियोमँ मदतीचं आमिष दाखवून तिच्या अंगाशी येतो, आणि तो आतून लरोलाच मिळालेला आहे हे वाचकाला ठाऊक आहे.

या सगळ्यात लिंबं कुठे आहेत? ती आठ हजारांत धरली तरी शंभराला साडेसतरा पैसे होतात. लिंबं प्रत्येकाच्या लक्षात राहतात आणि विंसारनं कापलेले २०० फ्रँक कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, हे लांब उभं राहून केलेल्या वाचनाचं फळ आहे. नखांची हौस लांबूनही दिसते. वटणावळ बघायला तिच्या खुर्चीत बसून, तिच्या हातानं १,८०० मोजावे लागतात.

सोलापूरच्या पूर्व भागात हे मोजणं कोणाला शिकवावं लागत नाही. टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरणारी, अशोक चौकाच्या आसपास घरी सुपात पानं घेऊन हजार विड्यांचं गणित पुरं करणारी बाई रोज हेच करते. विडीची मजुरी हजारावर. कारखान्यातून मिळालेली पानं कमी किंवा खराब निघाली, तर हजाराचा आकडा भरायला पदरचे पैसे घालून पानं आणायची, आणि तपासणीत बाद झालेल्या विड्यांची मजुरी नाही. कागदावरची मजुरी आणि हातात येणारी मजुरी यांत फरक असतो हे तिला लरोनं येऊन सांगायला नको. खाजगी व्याजाचे पैसे घेतले तर २०,००० रुपयांवर शेकडा दहा, म्हणजे महिन्याला २,००० व्याज. पहिल्या महिन्याचं आधीच कापून हातात १८,०००. नुसतं व्याज भरत राहिलं तर दहा महिन्यांत २०,००० भरून होतात आणि मुद्दल जागच्या जागी असतं. ते फेडायला दुसरीकडून घ्यायचं, हीच हुंडीची पालट. गटाच्या कर्जात चार बायका एकमेकींना जामीन असतात. एकीचा हप्ता चुकला की वसुलीचा माणूस बाजूला उभा राहतो आणि गटातल्याच बायका तिच्या दाराशी येऊन बसतात. मागणारा बदलतो, आणि त्याच्यामागे खरा मागणारा दिसेनासा होतो. विंसारचा डाव याहून वेगळा नाही.

एक फरक मात्र मोठा आहे, आणि तो सोलापूरची बाईच दाखवू शकते. योंव्हिलमध्ये बाईची सही नवऱ्याच्या कागदाशिवाय चालत नव्हती. आज आपल्याकडे लहान कर्जाला बाईचीच सही हवी असते. ती गावात राहते, हप्ता चुकवायला लाजते, पळून जात नाही म्हणून. सही तिची, आणि पैसा कितीदा तरी नवऱ्याच्या मागाच्या दुरुस्तीत, दिराच्या लग्नात नाही तर दारूत. शार्लचा कागद नसता तर एमा बुडाली नसती, आणि इथे तिचाच कागद असल्यामुळे ती बुडते. दोन्हीकडे पैसे देणाऱ्यानं घरातला तो माणूस शोधलेला असतो, जो शेवटपर्यंत गप्प राहील. लरोचा सगळा धंदा गुपितावर चालतो. शार्लला कळेल, या एका भीतीवर त्यानं किती हुंड्या लिहून घेतल्या ते मोजून बघा. म्हणूनच आपल्याकडची भिशी मला फार शहाणी व्यवस्था वाटते. वीस जणी महिन्याला पाचशे काढतात, दहा हजार एकीला मिळतात, आणि कोणाला कधी गरज पडली हे एकोणीस जणींना ठाऊक असतं. एमाच्या शेवटच्या चोवीस तासांत ती नोटरीकडे जाते, करवसुली करणाऱ्या बिनेकडे जाते, रोदोल्फकडे जाते. पैसे मागता येतील अशी एकही बाई तिला ठाऊक नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. एमाच्या घरी मोलकरीण होती. तिनं उसने काढले ते पडद्यांसाठी, प्रियकराच्या भेटींसाठी. विडी वळणारी बाई काढते ती दवाखान्यासाठी, शाळेच्या फीसाठी, घरभाड्यासाठी. या दोघींना एका ओळीत बसवणं हा गरिबीचा अपमान नाही का? हा फरक मी पुसणार नाही. पण सापळा असा फरक करत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२२मध्ये लहान कर्जांसाठी जे नियम केले, त्यांत वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या एकूण हप्त्यांचा बोजा मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये असं म्हटलं आहे. पैसे औषधाला घेतले की साडीला, असं ही मर्यादा विचारत नाही, कारण माणूस बुडतो तो हप्त्यांच्या ओझ्यानं. आणि गरज नि हौस यांची ही रेघ कोण ओढतं? मुलीच्या लग्नाला काढलेलं कर्ज गरज ठरतं, त्याच बाईनं स्वतःला मोबाइल घेतला तर हौस. गरीब बाईबद्दल हळहळ वाटायची तर तिनं आधी फक्त गरजेपुरतं जगून दाखवावं, ही अट मला क्रूर वाटते. एमाही शेतकऱ्याची मुलगी होती. सुंदर वस्तूची इच्छा हा मोठ्या घरच्यांचाच हक्क आहे असं समजणारं गाव तिच्याही भोवती होतं.

याहून कठीण आक्षेप एमाच्या मुलीचा, बर्तचा आहे. लहानगी आईच्या गुडघ्याशी येते, एमा तिला ढकलते, पोर कपाटाच्या पितळी कडीवर आपटते आणि गालातून रक्त येतं. एमा डॉक्टर नवऱ्याला सांगते की खेळताना पडली. रात्री झोपलेल्या मुलीकडे बघून तिच्या मनात येतं, किती कुरूप आहे ही. एमाला आपली म्हणणाऱ्या कुठल्याही वाचकानं हे पान उलटून पुढे जाऊ नये. व्यवस्थेला दोष देणाऱ्या आपल्या मैत्रिणींची चूक मला इथे वाटते. एमाचा काही दोषच नव्हता असं म्हणायला हे पान झाकावं लागतं, आणि एकदा ते झाकलं की उरते ती एमा नव्हे, एक सोज्वळ बाहुली. तिच्याशी कोणाचंच नातं जुळणार नाही. हप्त्याच्या दिवशी दारात माणूस उभा असताना पोर पदराला लोंबकळतं आणि तिचा हात उठतो, हे ज्या घरांत घडतं तिथली आई या पानाशी थांबते. तिला क्षमा नको असते, तिला ते वाक्य पुरतं वाचायचं असतं. आपण केलेली वाईट गोष्ट पूर्ण उजेडात बघण्याची संधी माणसाला कादंबरीशिवाय फार कमी ठिकाणी मिळते. बाकी सगळीकडे एक तर झाकावं लागतं नाही तर कबुली द्यावी लागते.

या कादंबरीवर खरा खटलाही झाला. २९ जानेवारी १८५७ला पॅरिसच्या कोर्टात सरकारी वकील एर्नेस्त पिनारनं विचारलं की या पुस्तकात या बाईला दोषी ठरवू शकेल असं कोण आहे? कोणीच नाही. तो चांगला वाचक होता, त्यानं अचूक जागा पकडली होती. त्याची चूक एवढीच की हा पुस्तकाचा गुन्हा आहे असं त्याला वाटलं. फ्लोबेरचे वकील सेनार यांनी बचाव केला तो असा, की हे पुस्तक दुर्गुणाची दहशत घालून सद्गुण शिकवतं. ७ फेब्रुवारीला सुटका झाली. पण आपल्या बैठकांतले दोन पक्ष अजूनही पिनार आणि सेनार यांचीच भाषणं करत असतात. एक म्हणतो ही बाई बिघडवते, दुसरा म्हणतो हिच्यापासून धडा घ्या. हुंड्यांचा हिशेब त्या दिवशी कोर्टात कोणी मागितला नाही. लरोचं नाव आरोपीच्या पिंजऱ्याजवळ फिरकलंही नाही.

ही रीत आपल्या ओळखीची आहे. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली ती त्या संतापातून. त्यांनी विजयालक्ष्मीला निर्दोष म्हटलं का? नाही. त्या तिच्या जागी उभ्या राहिल्या आणि तिथून जे दिसलं ते लिहिलं, म्हणजे ज्यांच्यावर खटला भरला जात नाही ते पुरुष. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा महाराष्ट्रानं विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे कोण आहे, याचा शोध घेण्यात आपली शक्ती खर्च केली. कित्येक शिकलेल्या मुलींनी मात्र त्या कथांत स्वतःला ओळखलं होतं, आणि आज ते पुस्तक टिकून आहे ते त्या ओळखण्यामुळे. त्याच लेखिकेनं पुढे १९५०मध्ये 'बळी' लिहिली, सेटलमेंटच्या तारेआडच्या माणसांवर. जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींना कुंपणात ठेवून गिरण्यांत कामाला लावणं म्हणजे काय, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सेटलमेंट हा शब्द इथे अजून पत्त्यात लिहितात. ज्या गावानं निकाल आधी आणि गुन्हा नंतर असा कारभार पाहिला आहे, त्या गावानं तरी कादंबरीतल्या बाईचा निकाल लिंबांवरून लावू नये अशी माझी अपेक्षा आहे.

आणि सोलापूरनं ही कादंबरी स्वतःची म्हणून वाचावी याला आणखी एक कारण आहे, ते शेवटच्या पानावर आहे. एमापाठोपाठ शार्लही मेल्यावर सगळं विकलं गेलं तेव्हा उरले १२ फ्रँक ७५ सांतीम. तेवढ्यात बर्तला आजीकडे पाठवायचं भाडं निघालं. आजी त्याच वर्षी वारली. आईचे वडील अर्धांगानं पडलेले. एका नातलग बाईनं पोरीला ठेवून घेतलं, ती गरीब, म्हणून तिनं बर्तला पोट भरायला सूतगिरणीत पाठवलं. फ्लोबेर यावर एक वाक्य खर्च करतो आणि औषधवाल्या ओमेच्या भरभराटीकडे वळतो. जगभरचे समीक्षक ओमेला मिळालेल्या सन्मानचिन्हावर बोलतात, कारण कादंबरीचं शेवटचं वाक्य ते आहे. सोलापूरचा वाचक त्याच्या थोडं आधीच्या, सूतगिरणीच्या वाक्यावर अडतो. १८७०च्या दशकात इथे 'जुनी मिल' उभी राहिली. १८८१चा पहिला कारखाना कायदा आला तेव्हा सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. फ्रान्समध्ये १८४१च्या कायद्यानं ही वयं आणि तास वेगळे होते: आठ वर्षांखाली बंदी, आठ ते बारा आठ तास, बारा ते सोळा बारा तास. बर्त यांतल्या कुठल्या रकान्यात बसत होती ते फ्लोबेर सांगत नाही. पण सूतखात्यातली हवा कशी असते, कापसाची पिंजण नाकातोंडात कशी जाते, भोंगा चुकला की काय होतं, हे ज्यांच्या आजीनं सांगितलं आहे अशी घरं या गावात आजही आहेत. पुढच्या बैठकीत कोणी लिंबं काढली, तर त्या गप्प बसलेल्या बाईनं सूतगिरणीचं हे एक वाक्य मोठ्यानं वाचावं, आणि चर्चा बर्तच्या गिरणीतल्या कामाच्या पाळीपासून सुरू करावी.